कपाटातला हात, अंगावरचा हात



आज इतिहासाच्या गप्पा मारायच्या आहेत, पण किल्ल्यांच्या आणि लढायांच्या नाहीत. आज एका हाताची गोष्ट सांगतो. एडिनबरात राहणाऱ्या तुमच्यापैकी काहींनी तो पाहिलाही असेल. चेंबर्स स्ट्रीटवरच्या स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात मुलं डॉली मेंढी बघायला धावतात ना, त्याच संग्रहालयात एक कृत्रिम हात जपून ठेवलेला आहे. खांद्यापासून बोटांपर्यंत अख्खा, आत मोटारी आणि तारा असलेला.

मागच्या हिवाळ्यात, बाहेर नेहमीसारखा आडवा पाऊस चालू असताना, मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन तिथं गेलो होतो. मी आयटी सल्लागार, त्यामुळे सवयीनं पाटीवरचं साल आणि तंत्र वाचायला लागलो. ती मात्र हाताकडेच बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, हा माणूस झोपताना हात काढून कुठं ठेवत असेल?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण मला एकदम आमच्या मामांचं कपाट आठवलं.

मामा भोसरीतल्या एका लहान कारखान्यात पॉवर प्रेसवर कामाला होते. १९८९ साली प्रेस खाली आला आणि त्यांच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. पुढे घरच्यांनी पैसे जमवून रबराचा हात करून आणला. हातमोज्यासारखा घालायचा, रंग कातडीसारखा, अगदी नखंसुद्धा काढलेली. लग्नाच्या फोटोत तो शोभून दिसायचा. पण पंगतीत बसलं की पंचाईत! रबराच्या बोटांनी भाकरी मोडत नाही, वरणभात कालवता येत नाही. डाव्या हातानं जेवावं तर शेजारचे बघतात. देवळात तीर्थ घ्यायला उजवा तळवा पुढे करावा तर ते रबरावरून ओघळून जायचं. वर्षभरात मामांनी तो हात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला. मी कॉलेजात असताना एकदा विचारलं, तर म्हणाले, "अरे, तो हात लोकांना बघायला होता. जेवायला मला माझा हाच बरा." आणि अंगठा-करंगळीच्या चिमटीत भाकरीचा तुकडा धरून दाखवला.

तर मंडळी, प्रश्न असा आहे. अंगावर घालायचं यंत्र माणसाचं स्वतःचं कधी होतं, आणि कपाटात कधी जातं? याच प्रश्नाशी एडिनबरातल्या एका इस्पितळात चाळीस वर्षं झटापट चालली होती. आजची गोष्ट त्या झटापटीची, आणि त्यातल्या दोन माणसांची आहे. दोघांचंही नाव डेव्हिड. पहिले डेव्हिड सिम्पसन, दुसरे डेव्हिड गाऊ.

शहराच्या दक्षिणेला, पेंटलंड टेकड्यांच्या पायथ्याशी फेअरमाइलहेड नावाचा भाग आहे. तिथं १९३२ साली अपंग मुलांसाठी एक इस्पितळ उघडलं. त्याला पुढे राजकन्या मार्गारेट रोझचं नाव मिळालं. आज ते शोधायला गेलात तर सापडणार नाही. या शतकाच्या सुरुवातीला ते बंद झालं आणि त्या जागी आता घरं आहेत. पण साठच्या दशकात तिथं अशी मुलं येऊ लागली, ज्यांच्यासाठी कुणाकडेच तयार उत्तर नव्हतं.

थॅलिडोमाइड हे नाव तुम्ही ऐकलं असेल. झोपेसाठी आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठी दिलं जाणारं औषध. ब्रिटनमध्ये ते १९५८ साली बाजारात आलं. विकणारी कंपनी होती डिस्टिलर्स, म्हणजे स्कॉच व्हिस्कीच्या धंद्यातली मोठी कंपनी. तिच्या औषध विभागानं ते आणलं. हे औषध अगदी निर्धोक आहे असं सांगितलं जायचं. गरोदरपणाच्या ठरावीक दिवसांत आईनं ते घेतलं, तर पोटातल्या बाळाच्या हातापायांची वाढ थांबत होती. १९६१च्या अखेरीस ते बाजारातून काढून घेतलं, तोवर जगभरात हजारो मुलं आखूड हातापायांची, काही तर खांद्यालाच बोटं फुटलेली, अशी जन्माला आली होती.

आता जरा विचार करा. युद्धात हात गेलेल्या जवानाला हात म्हणजे काय ते ठाऊक असतं. त्याच्याजवळ निदान हाताचा काही भाग उरलेला असतो, त्यावर लाकडी किंवा लोखंडी अवयव बसवता येतो. या मुलांना लांब हात कधी नव्हतेच. दोन्ही बाजूंना नव्हते. आणि ती मुलं दर सहा महिन्यांनी वाढत होती!

१९६३च्या सुमारास या इस्पितळात शक्तीवर चालणाऱ्या कृत्रिम हातांचं काम सुरू झालं. ते उभं केलं सिम्पसन यांनी. ते वैद्यकीय भौतिकशास्त्रातले होते, म्हणजे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर नव्हेत, तर डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून यंत्रं बनवणारे. त्या काळच्या विजेच्या मोटारी आणि बॅटऱ्या लहान मुलाच्या अंगाला जड व्हायच्या. म्हणून त्यांनी दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वापरला. आपल्याकडे सोडावॉटरच्या बाटलीत असतो तोच वायू. लहानशी नळकांडी, बारीक नळ्या, आणि फुस्स आवाज करत हलणारा हात.

पण सिम्पसन यांची खरी कमाई वायूची नाही. ती समजून घ्यायला एक प्रयोग करा. गाडी चालवत ऐकत असाल तर घरी गेल्यावर करा! डोळे मिटा आणि उजव्या हाताचं बोट नाकाच्या शेंड्याला लावा. लागलं ना? हात कुठं आहे ते न बघता तुम्हाला कळतं. स्नायू आणि सांधे मेंदूला सतत सांगत असतात की मी इथं आहे, इतका वाकलोय, इतका ताणलोय. ही जाण आहे म्हणून आपण टीव्ही बघत पोहे खाऊ शकतो. हाताकडे बघावं लागत नाही.

आणि ही जाण कातडीपाशी संपत नाही. सायकलचा ब्रेक दाबताना तार किती ताणली गेली ते बोटांना कळतं. अंध माणसाला काठीच्या टोकाशी दगड आहे की चिखल, ते मुठीत कळतं. क्रिकेट खेळताना चेंडू बॅटच्या मधोमध बसला की काठाला लागला, ते बघायच्या आधीच मनगटाला समजतं. सिम्पसन म्हणाले की कृत्रिम हात असाच जोडला पाहिजे. मुलाला हात नसला तरी खांदा आहे, आणि खांदा वर-खाली, पुढे-मागे हलतो. त्यांनी कृत्रिम हाताची एकेक हालचाल खांद्याच्या एकेका हालचालीला बांधली. खांदा इतका उचलला की हात तितका उचलणार. खांदा थांबला की हात थांबणार. हाताला टेबलाचा अडथळा झाला की खांद्यालाही तो जाणवणार. ताकद वायूची, पण जाण खांद्याची! शिवाय हात वर जाताना चमचा आडवाच राहावा, सूप सांडू नये, अशी जोडणीही त्यांनी त्यात केली होती.

१९७४ साली त्यांनी हे तत्त्व मांडलं. एक्स्टेंडेड फिजिऑलॉजिकल प्रोप्रिओसेप्शन, असं लांबलचक नाव. आपण त्याला "शरीराची जाण अवयवाच्या टोकापर्यंत पोचवणं" म्हणू या. आजही कृत्रिम हातांवर काम करणारे संशोधक हे नाव घेतात.

आता तुम्हाला वाटेल, झालं, प्रश्न सुटला. इथंच ही गोष्ट अवघड होते.

ही मुलं मोठी होत गेली तशी त्यांतल्या बऱ्याच जणांनी हात काढून ठेवले. फक्त एडिनबरात नव्हे, सगळीकडेच. कारणं अगदी साधी होती. पट्ट्यांचा साचा अंगाला काचतो, उन्हाळ्यात घाम येतो. नळकांडं संपलं की हात थांबतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, ही मुलं तान्हेपणापासून पायाच्या बोटांनी, हनुवटीनं, दातांनी, आखूड हातांनी सगळं करायला शिकली होती. पायाच्या बोटांना स्पर्श आहे, यंत्राला नाही. पायानं अक्षर काढणाऱ्या मुलाला हाताचं ओझं कशाला हवं? मोठेपणी त्यांतल्या काहींनी स्पष्ट बोलून दाखवलं की ते हात आमच्यापेक्षा मोठ्यांसाठी होते. आम्ही चारचौघांसारखे दिसावं, ही त्यांची गरज होती.

हे वाचलं तेव्हा मला मामांचं वाक्य आठवलं. फेअरमाइलहेडची मुलं आणि भोसरीचे मामा, दोघांनी एकच निकाल दिला होता.

माझ्या धंद्यातही हे दृश्य नेहमीचं आहे. मोठा खर्च करून नवी प्रणाली सुरू होते, केक कापला जातो, साहेब भाषण करतात. तीन महिन्यांनी बघावं तर हिशेब विभागातल्या बाई आपल्या जुन्या एक्सेलमध्येच काम करताहेत. पहिल्या नोकरीत मी त्याला "बदलाला विरोध" म्हणायचो. एमबीएच्या वर्गात तसंच शिकलो होतो. आता म्हणत नाही. त्या बाईंना आपलं काम ठाऊक असतं, प्रणालीला ठाऊक नसतं.

दुसरे डेव्हिड, म्हणजे गाऊ, हे अभियंते. ऐंशीच्या दशकात ते याच केंद्रात काम करत होते आणि पुढे त्यांनीच त्याचं नेतृत्व केलं. तोवर मोटारी लहान झाल्या होत्या, बॅटऱ्या सुधारल्या होत्या. गाऊ यांनी वायू सोडून वीज घेतली. आणि दुसरा निर्णय घेतला तो सुट्या भागांचा. खांदा वेगळा, कोपर वेगळं, मनगट वेगळं, पंजा वेगळा. ज्याच्या शरीराला जेवढं कमी आहे तेवढंच जोडायचं. याचं नाव एडिनबरा मॉड्युलर आर्म सिस्टिम.

१९९८ साली हा हात कॅम्पबेल एअर्ड यांच्या अंगावर चढला. एअर्ड दक्षिण स्कॉटलंडमधल्या मॉफट गावचे, हॉटेल चालवणारे. १९८२ साली स्नायूंच्या कर्करोगामुळे त्यांचा उजवा हात खांद्यापासून काढावा लागला होता. विजेवर चालणारा खांदा असलेला तो जगातला पहिला हात मानला जातो. जगभरच्या वर्तमानपत्रांत फोटो झळकले. संग्रहालयात मी आणि माझी लेक ज्याच्यासमोर उभे होतो, तो हाच.

पण माझ्या मते गाऊ यांचा सगळ्यात मोठा शोध हा अख्खा हात नाही. तो एका बोटाएवढा आहे.

तोवरच्या विजेच्या पंजांत मोटर तळव्यात असायची. अंगठा आणि दोन बोटं सांडशीसारखी मिटायची, उघडायची. म्हणजे ज्याचा तळवा शाबूत आहे आणि फक्त बोटं गेली आहेत, त्याला हा पंजा बसवायला जागाच नाही! कारखान्यात हात अडकलेली माणसं बहुधा अशीच असतात. आमच्या मामांसारखी. गाऊ यांनी मोटर आणि तिची दातेरी चाकं उचलून थेट बोटात बसवली. प्रत्येक बोट स्वतःचं स्वतः हलणारं. त्यामुळे जितकी बोटं गेली तितकीच बसवता येतात. आणि पाचही बसवली तर पंजा तयार होतो, ज्याचं प्रत्येक बोट वस्तूला टेकलं की आपापल्या जागी थांबतं. तुम्ही आंबा हातात घेता तेव्हा पाचही बोटं सारखी वाकत नाहीत ना? ज्याला जिथं आंबा लागेल तिथं ते थांबतं. तसंच.

आता हे घराघरांत पोचवायचं कसं? एका रुग्णाला एक हात घडवून देणं इस्पितळाला जमतं. हजारांना द्यायचे तर सुटे भाग, दुरुस्ती, हमी, बसवणाऱ्यांचं प्रशिक्षण, सगळं उभं करावं लागतं. म्हणून २००३ साली आरोग्यसेवेतूनच एक कंपनी निघाली, टच एमास. पुढे तिचं नाव टच बायॉनिक्स झालं आणि ती एडिनबराच्या पश्चिमेला लिव्हिंग्स्टनमध्ये स्थिरावली. २००७ साली तिनं आय-लिम्ब हा पाचही बोटं वेगवेगळी हलवणारा पंजा बाजारात आणला. २००८ साली त्याला अभियांत्रिकीतला मानाचा मॅकरॉबर्ट पुरस्कार मिळाला. २००९ साली फक्त बोटं गेलेल्यांसाठी प्रोडिजिट्स आली. २०१६ साली आइसलंडच्या ओसुर कंपनीनं टच बायॉनिक्स विकत घेतली. व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवावी अशी यशोगाथा.

मग सिम्पसन यांच्या जाणेचं काय झालं?

हे नवे पंजे स्नायूंच्या विजेवर चालतात. उरलेल्या हाताच्या कातडीवर दोन छोट्या पट्ट्या टेकतात. एक स्नायू आवळला की पंजा उघडतो, दुसरा आवळला की मिटतो. हुकूम जातो, पण परत निरोप येत नाही. पंजा किती मिटला, पेला घट्ट धरला की निसटतोय, ते सहसा डोळ्यांनीच बघावं लागतं. मोटारीच्या आवाजावरून अंदाज घेणारेही आहेत. म्हणूनच गंमत बघा, आजही अनेक जण हे महागडे पंजे सोडून खांद्यावरून तार ओढणारा जुना लोखंडी आकडाच वापरतात. दिसायला ओबडधोबड, पण तार खांद्याला सगळं सांगते. सिम्पसन म्हणत होते तेच! हातात स्पर्श परत कसा आणायचा, यावर जगभर संशोधन चालू आहे.

म्हणजे चाळीस वर्षांत उत्तर मिळालं का? अर्धं मिळालं. गाऊ यांनी शिकवलं की यंत्र माणसाच्या मापाचं करा. सिम्पसन यांनी शिकवलं की यंत्राला माणसाशी बोलू द्या. आणि हात काढून ठेवणाऱ्या मुलांनी शिकवलं की आधी आम्हाला विचारा.

हे तिसरं शिक्षण कुणी मनावर घेतलं तर काय होतं, ते आपल्या देशात दिसलं. अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी शल्यविद्येची फेलोशिप एडिनबरातूनच मिळवली होती. जयपूरच्या इस्पितळात ते पायांच्या रुग्णांना परदेशी पद्धतीचे पाय बसवत. ते पाय बुटाशिवाय चालत नसत. आपला माणूस देवळात आणि स्वयंपाकघरात बूट घालून कसा जाणार? मांडी घालून जेवायला कसा बसणार? भाताच्या चिखलात कसा उभा राहणार? रुग्ण ते पाय काढून ठेवत आणि कुबड्या घेत. तेव्हा फारसं शाळेत न गेलेले कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. सेठी यांनी मिळून साठच्या दशकाच्या अखेरीस रबराचा, अनवाणी चालणारा, उकिडवं बसू देणारा पाय घडवला. तोच जयपूर फूट. त्यात एकही मोटर नाही. पण तो कपाटात राहत नाही, शेतात जातो.

मंडळी, हे सगळं तुम्हाला का सांगितलं? आपण परदेशात राहणारी माणसं काळजीपोटी घरी यंत्रं पाठवतो. बाबांना ठोके मोजणारं घड्याळ, आजीला कानातलं श्रवणयंत्र, आईला पडल्यावर फोन करणारं पदक. सुट्टीत घरी जावं तर ती वस्तू खोक्यात, तिच्यावर धूळ, आणि आपण चिडतो. "एवढ्या महागाचं आणलं, वापरत का नाहीस?" मीही चिडलोय. आईसाठी पाठवलेलं घड्याळ देव्हाऱ्याच्या खणात सापडलं तेव्हा. मग शांतपणे विचारल्यावर ती म्हणाली, "कणीक मळताना ते थरथरतं रे, आणि अक्षरं मला दिसत नाहीत." दोन वर्षांत मी तिला हे विचारलंच नव्हतं.

संग्रहालयातून घरी आल्यावर लेकीनं मामाआजोबांना व्हिडिओ कॉल लावला. मामा आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. तिनं मोटारीच्या बोटांबद्दल सगळं रंगवून सांगितलं आणि विचारलं, "तुम्हाला अशी बोटं मिळाली तर काय कराल?" मामांनी उजवा हात कॅमेऱ्यासमोर धरला, अंगठा आणि करंगळी हलवून बघितली, आणि म्हणाले, "तीर्थ घेता येईल का त्यानं, ते विचार त्यांना."

लेकीनं ते वहीत लिहून ठेवलं आहे. पुन्हा चेंबर्स स्ट्रीटला जाऊ तेव्हा ती तिथल्या ताईंना विचारणार आहे. तुम्हीही या रविवारी घरी फोन कराल तेव्हा तब्येतीबरोबर आणखी एक गोष्ट विचारा. आम्ही पाठवलेलं ते यंत्र कुठं ठेवलंय, आणि का? उत्तर आलं की आम्हाला जरूर कळवा.

तर आज इथंच थांबतो. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!